शालेय शिक्षणात बुद्धिबळ : एक ऐच्छिक विषय

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानासाठी धर्म, इतिहास अथवा समाजकारण यांपैकी एखादा विषय योजावा, अशी आपल्याकडे रीत आहे. मला मात्र बुद्धिबळावर बोलण्यास सांगण्यात आले, तेव्हा प्रथम थोडे नवल वाटले. पुढे कारण समजले. ट्रस्टच्या विद्यालयात इयत्ता पाचवीपासून बुद्धिबळ हा ऐच्छिक विषय म्हणून सुरू करावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे आणि त्यावर समाजात दोन मते आहेत. मी आयुष्यभर शिक्षकी पेशात राहिलो आणि शाळा सुटल्यावर मुलांना हा खेळ शिकवीत आलो. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु प्रस्तावाच्या बाजूने जी कारणे सांगितली जातात, त्यांतील निम्मी मला मान्य नाहीत. आणि विरोध करणाऱ्यांचा एक आक्षेप मला जवळजवळ पूर्णपणे मान्य आहे. म्हणून माझे बोलणे दोन्ही बाजूंना थोडे अप्रिय वाटण्याचा संभव आहे. आपण ते सहन कराल, अशी आशा आहे.

या खेळाशी माझी ओळख झाली ती एका जैन बोर्डिंगात. १८९९ साली दक्षिण भारत जैन सभेची स्थापना झाल्यानंतर आपल्या भागात समाजाच्या दातृत्वातून जी विद्यार्थी वसतिगृहे उभी राहिली, त्यांनी शेतकरी घरांतील मुलांच्या किती पिढ्या शिकविल्या, हे या सभागृहात नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. येथील अनेक ज्येष्ठ अशाच बोर्डिंगात वाढलेले आहेत. बोर्डिंगात भोजन सूर्यास्तापूर्वी होत असे. भोजन आणि सायंप्रार्थना यांच्यामध्ये अर्धा-पाऊण तास असा उरे की, भरल्या पोटी मैदानावर धावताही येत नसे आणि पुस्तक उघडण्याची इच्छाही नसे. ओसरीच्या फरशीवर कोणीतरी पूर्वी खिळ्याने चौसष्ट घरे कोरून ठेवलेली होती. सोंगट्या अपुऱ्या होत्या. एका हत्तीच्या जागी आम्ही सुपारी मांडीत असू. तेथे मी प्रथम प्यादे पुढे सरकविले.

तो खेळ देशी पद्धतीचा होता. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाई. राजाला शह लागलेला नसेल, तर त्याला डावात एकदा घोड्याची चाल घेता येई. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ते वाटेल तेव्हा वजीर होत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरात पोचले, त्या मोहऱ्याचे रूप त्याला मिळे. आजच्या मुलांना हे नियम सांगितले की ती हसतात. परंतु याच तऱ्हेच्या देशी नियमांवर वाढलेला पंजाबातील मीर सुलतान खान १९२९ साली आपल्या मालकाबरोबर इंग्लंडला गेला, आंतरराष्ट्रीय नियम नव्याने अंगवळणी पाडून घेतले आणि १९२९, १९३२ व १९३३ असा तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदाचा मानकरी ठरला. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला मानद ग्रँडमास्टर हा किताब दिला तो मरणोत्तर, २०२४ साली. असो.

आता आक्षेपांकडे वळतो.

पहिला आक्षेप असा की, बुद्धिबळ हे द्यूताचेच भावंड आहे. आणि सप्तव्यसनांच्या गणनेत तर द्यूताचे नाव सर्वप्रथम येते. मग ट्रस्टच्या शाळेत, तेही शाळेच्या वेळात, ते शिकवावे काय? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या देशातील चतुरंगाचा उल्लेख सातव्या शतकात बाणभट्टाच्या हर्षचरितात येतो. अकराव्या शतकात अल्बेरूनीने भारतात जो चौघांनी खेळावयाचा चतुरंग पाहिला, त्यात मात्र कोणते मोहरे हलवायचे हे फासा ठरवीत असे. म्हणजे फाशाचा आणि या खेळाचा संबंध एके काळी होता. तो पुढे तुटला. आज पटावर फासा नाही, पत्त्यांची पिसणी नाही, दैवाला कोठेही जागा नाही. दोघांसमोर सारखीच सोळा मोहरी असतात आणि दोघांनाही सर्व काही दिसत असते. जे घडते ते खेळणाऱ्याच्या पुरुषार्थाने अथवा प्रमादाने घडते. आपल्या परंपरेने फाशाचा खेळही सरसकट टाकून दिला नव्हता, हेही लक्षात घ्यावे. ज्ञानबाजी अथवा ज्ञानचौपट नावाचे जैन पट आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. त्यांत चौऱ्याऐंशी घरे, शिड्या आणि साप असतात आणि सर्वांत वर सिद्धशिला असते. पर्युषणात हा खेळ खेळला जाई. कर्माचे फळ मुलाबाळांना व घरातील स्त्रियांना समजावे, यासाठी आपल्या पूर्वजांनी खेळाचे साधन वापरले, त्यात त्यांना संकोच वाटला नाही.

तथापि पैज लावली की बुद्धिबळही द्यूत होते, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. म्हणून वर्गात कसलीही पैज नको, चॉकलेटचीसुद्धा नको. आणि व्यसन हा शब्द आज मी निराळ्या ठिकाणी वापरीन. मोबाईलवर एक-एक मिनिटाचे डाव रात्री बारापर्यंत खेळणारी मुले मी पाहिली आहेत. त्या डावांत विचार नसतो. बोटांची चपळाई असते आणि हरल्याबरोबर पुढचा डाव सुरू करण्याची ओढ असते. आईवडिलांना वाटते, मुलगा बुद्धिबळ खेळतो आहे, चांगलेच आहे. शाळेत जर हा विषय आला, तर तो लाकडी अथवा प्लॅस्टिकच्या मोहऱ्यांनी, समोर माणूस बसवून शिकविला जावा. पडदा नको.

दुसरा आक्षेप मला एका वयोवृद्ध श्रावकांनी एका सभेत विचारला. तो प्रश्न मी विसरलेलो नाही. ते म्हणाले, "गुरुजी, यशोधर राजाने खरा कोंबडा मारला नव्हता. आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. त्या संकल्पाचे फळ त्याला आणि त्याच्या आईला जन्मोजन्मी भोगावे लागले. मग तुमची मुले दिवसभर घोडा मारला, उंट मारला, राजाला मारला म्हणतात, त्याचे काय?"

मी त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. मोहरे म्हणजे केवळ खूण, मुलाच्या मनात जीवघाताचा संकल्प नसतो, भावहिंसा नाही तेथे दोष नाही, असे काहीसे. उत्तर तर्कदृष्ट्या चुकीचे नव्हते. परंतु घरी आल्यावर मी माझ्याच वर्गातील बोलणे आठवू लागलो. "चिरडून टाकला त्याला," असे माझा एक हुशार विद्यार्थी जिंकल्यावर नेहमी म्हणे. आणि मी हसत असे. तेथे मोहऱ्याविषयी नव्हे, तर समोर बसलेल्या मुलाविषयी संकल्प होता. त्या आजोबांचा प्रश्न मोहऱ्यापुरता असेल, पण त्याचा रोख मला मुलाकडे दिसला. दुसऱ्या दिवसापासून मी वर्गात "मारले" हा शब्द बंद केला आणि "घेतले" हा शब्द सुरू केला. मुलांनी आठ दिवस चेष्टा केली, नंतर सवय झाली. डावापूर्वी व डावानंतर हस्तांदोलन करण्याचा आंतरराष्ट्रीय शिष्टाचार आहेच; त्याच्या जागी आम्ही हात जोडून जय जिनेंद्र म्हणू लागलो. इतर धर्मांची मुले नमस्कार म्हणत. हा तो आक्षेप, जो मला जवळजवळ पूर्णपणे मान्य आहे. खेळ बंद करावा असे त्यातून निघत नाही; कसा शिकवावा हे मात्र निघते.

आता समर्थकांविषयी. प्रस्तावासोबत जोडलेल्या टिपणात लिहिले आहे की, बुद्धिबळाने मुलांचे गणित सुधारते, स्मरणशक्ती वाढते, परीक्षेतील गुण वाढतात. पालकसभेतही हेच सांगितले जाते, कारण ते ऐकावयास गोड लागते. मीही अनेक वर्षे हेच सांगत असे. पण या गोष्टीची रीतसर तपासणी झालेली आहे. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळा घेण्यात आल्या. त्यांतील चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांतील पाचव्या इयत्तेच्या, म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या मुलांना, शाळेच्या वेळात सुमारे तीस तास बुद्धिबळ शिकविण्यात आले. उरलेल्या शाळा नेहमीप्रमाणे चालल्या. शिक्षण संपल्यानंतर एका वर्षाने दोन्ही गटांची गणिताची कामगिरी तुलनेस घेतली. त्याचा अहवाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. गणितात फरक आढळला नाही. वाचनात नाही, विज्ञानातही नाही. मुलांना तास आवडले होते, शिक्षकांनाही आवडले होते. परंतु गुण वाढले नव्हते.

बंधुभगिनींनो, सत्य हे आपले व्रत आहे. समाजाच्या पैशाने चालणाऱ्या शाळेत एखादा विषय आणताना त्याच्या नावावर जे सिद्ध झालेले नाही ते खपविणे आपल्याला शोभणारे नाही. आणि व्यवहार म्हणून पाहिले तरी ते घातक आहे. गुण वाढतील म्हणून ज्या पालकाने मुलाला घातले, तो पहिल्या घटक चाचणीनंतर त्याला काढून घेईल.

मग कशासाठी शिकवावे? मी एक प्रसंग सांगतो. सहावीतील एक मुलगी आंतरशालेय स्पर्धेत हरली. तिच्याजवळ डावाची नोंद होती. आमच्या वर्गात दुसऱ्या सत्रापासून प्रत्येकाने आपली व समोरच्याची प्रत्येक चाल लिहून ठेवावी, असा नियम असे. दोन दिवसांनी ती तो कागद घेऊन आली व म्हणाली, "सर, माझा उंट चौदाव्या चालीला गेला. पण मी चुकले ती बाराव्या चालीला. तेव्हा मी फक्त माझंच बघत होते." मी तो डाव मांडून पाहिला. तिचे म्हणणे बरोबर होते.

शाळेत असा दुसरा कोणता विषय आहे, ज्यात अकरा वर्षांचे मूल स्वतःहून आपली चूक शोधून काढते, तिचे खरे स्थान कोठे होते ते ठरविते, आणि ते दुसऱ्यासमोर न लाजता सांगते? गणिताच्या वहीवर चुकीची खूण शिक्षक करतो. क्रिकेटमध्ये पंच असतो, खेळपट्टी असते, झेल सोडणारा मित्र असतो. बुद्धिबळात दोष देण्यास कोणीच उरत नाही. हात लागलेले मोहरे खेळलेच पाहिजे, हा नियम पहिल्या दिवसापासून लागू असतो. हात लागला की विचार संपला; म्हणून हात लागण्यापूर्वी विचार. आपल्या घरांतून प्रतिक्रमणाची व आलोचनेची परंपरा आहे. दिवसाकाठी आपण काय केले ते आठवावे, दोष मान्य करावा. मी खेळाला व्रताच्या पंक्तीस बसवीत नाही. तसे करणे औचित्याला सोडून होईल. परंतु ज्या मुलाला आपला हरलेला डाव पहिल्या चालीपासून शांतपणे पुन्हा मांडता येतो, त्याला आजीच्या शेजारी बसून आलोचना पाठ ऐकताना त्या शब्दांचा अर्थ थोडा लवकर कळत असावा, असा माझा अनुभव आहे. अनेकांतदृष्टीविषयीही असेच म्हणता येईल. ती मुलगी जे म्हणाली, "मी फक्त माझंच बघत होते", ते वाक्य मी तिला शिकविले नव्हते.

आता "ऐच्छिक" या शब्दाकडे येतो. माझा मुख्य आग्रह त्या शब्दापुरता आहे.

शाळेत बुद्धिबळ ही कल्पना नवी नाही. जर्मनीत हार्त्स पर्वताजवळ श्ट्रोबेक नावाचे एक खेडे आहे. अकराव्या शतकात गावातील बुरुजात ठेवलेल्या एका उमराव कैद्याने पहारेकरी शेतकऱ्यांना हा खेळ शिकविला, अशी तेथील आख्यायिका. आख्यायिकेचे सोडा, पण १८२३ पासून त्या गावच्या शाळेत बुद्धिबळ हा विषय शिकविला जाऊ लागला, हा इतिहास आहे. मुलांना बक्षीस म्हणून बुद्धिबळाचा पट दिला जाई. विद्यार्थी कमी झाल्याने तेथील माध्यमिक शाळा २००४ साली बंद पडली, तरी गावाने खेळ सोडला नाही. एवढ्या दीर्घ काळात त्या गावातून एकही विश्वविजेता निघाला नाही, आणि त्याची गावाला खंतही दिसत नाही. तेथे आजी नातवाबरोबर खेळते. मला हे उदाहरण फार आवडते.

दुसरे टोक आर्मेनियाचे. तीसेक लाख लोकवस्तीचा तो देश. तिग्रान पेत्रोस्यान १९६३ ते १९६९ विश्वविजेता होता, तेव्हापासून बुद्धिबळ तेथे राष्ट्राभिमानाचा विषय झाला. २००६, २००८ आणि २०१२ अशी तीन ऑलिंपियाड त्यांनी जिंकली. २०११ पासून दुसरी ते चौथीच्या प्रत्येक मुलाला बुद्धिबळ सक्तीचे करण्यात आले. पाठ्यपुस्तके तयार झाली, शिक्षकांना प्रशिक्षण देण्यात आले. तुर्कस्तानने २००५ साली वेगळा मार्ग धरला आणि शाळांत बुद्धिबळ ऐच्छिक विषय म्हणून दिले. आपल्या देशात तमिळनाडू सरकारने २०१३ साली सात ते सतरा वयोगटासाठी शालेय बुद्धिबळाची योजना आणली. त्याच साली चेन्नईतील गुकेश नावाचा सात वर्षांचा मुलगा हा खेळ शिकू लागला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला विश्वविजेता झाला. हे वाचले की प्रत्येक पालकाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. तेथेच धोका आहे.

त्या धोक्याला मी स्वतः बळी पडलो आहे. एका शाळेत मी हा वर्ग सुरू केला तेव्हा बेचाळीस मुले आली. पहिल्या वर्षी आनंदीआनंद होता. दुसऱ्या वर्षी तालुका स्पर्धेत आमची मुले चमकली आणि मला चषकाची गोडी लागली. मी सहा मुले निवडली. पुढच्या दोन बाकांवर ती बसत, माझा सारा वेळ त्यांच्यासाठी जाई. उरलेल्या मुलांना मी "तुम्ही आपापसांत खेळा" म्हणून सांगत असे. चषक मिळाला, मुख्याध्यापकांच्या कपाटावर बसला, वर्तमानपत्रात छायाचित्र आले. तिसऱ्या वर्षी जूनमध्ये वर्गात नऊ मुले होती. न आलेल्यांपैकी एक मुलगा असा होता, जो बहुतेक प्रत्येक डाव हरत असे, पण सर्व गेल्यावर सर्व पटांवरील मोहरी मोजून पिशवीत भरून ठेवीत असे. एकही प्यादे त्याने कधी हरवू दिले नाही. काही वर्षांनी तो बसस्थानकावर भेटला. मी सहज विचारले, "तू यायचं का थांबलास रे?" तो म्हणाला, "मला आवडायचं सर. पण तुम्हाला मी नको होतो ना."

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की, विषय ऐच्छिक ठेवावा तो खऱ्या अर्थाने ऐच्छिक ठेवावा. सक्ती केली की नावडणाऱ्यांच्या कपाळी आणखी एक विषय येतो. गुणवंतांपुरता ठेवला की तो ऐच्छिक राहत नाही. निवड मुलाची न राहता शिक्षकाची होते. चित्रकला, संगीत आणि बुद्धिबळ अशा तिन्हींतून मुलाने स्वतः निवडावे, सत्र संपल्यावर बदलावेसे वाटले तर बदलावे. गुण नसावेत, क्रमांक नसावा, शुल्क तर नसावेच. शासनमान्य क्रीडा स्पर्धांतील प्रावीण्यासाठी दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात; ज्यांना त्या वाटेने जायचे आहे त्यांनी जरूर जावे, सराव शाळा सुटल्यावर करावा, त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक असावा. आपल्या भागात सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांनी आणि त्यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने स्पर्धात्मक खेळाची केवढी परंपरा निर्माण केली, हे आपण जाणता. त्या दर्जाचे काम शाळेच्या एका तासिकेत होणार नाही आणि तसा आव आणू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमाचे विषय आणि अवांतर उपक्रम यांच्यातील भिंत कमी करण्यास सांगितलेले आहेच, तेव्हा वेळापत्रकात आठवड्याला एक तासिका बसविणे अवघड नाही.

शिकविणार कोण, हा प्रश्न शिक्षकांनी मला आधीच विचारला आहे. त्यासाठी मोठा खेळाडू लागत नाही. किंबहुना मोठा खेळाडू पाचवीच्या वर्गात लवकर कंटाळतो. मराठीचे किंवा भूगोलाचे शिक्षकही हे काम करू शकतील. फक्त एक चूक टाळावी : पहिल्याच दिवशी सर्व मोहऱ्यांच्या चाली फळ्यावर लिहून देऊ नयेत. पहिला महिना फक्त प्यादी मांडावीत, आठ इकडे, आठ तिकडे. ज्याचे प्यादे प्रथम पलीकडे पोचेल तो जिंकला. एवढ्या साध्या खेळात मुले प्यादे तिरके घेते, सरळ जाते, आणि गेलेले परत येत नाही, हे तीन धडे कायमचे शिकतात. मग हत्ती, मग उंट. घोडा सर्वांत शेवटी, कारण त्याची अडीच घरांची चाल मोठ्यांनाही चकविते. दिवाळीपूर्वी दोन हत्तींनी एकट्या राजावर मात कशी करावी ते यावे. पूर्ण डाव दिवाळीनंतर. घड्याळ पहिल्या वर्षी वर्गात आणूच नये.

गणिताचे गुण वाढत नाहीत असे मी म्हणालो. याचा अर्थ पटावर गणित नाही, असा नव्हे. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. चौसष्ट घरांची बेरीज वीस अंकी येते. पण आपल्या मुलांना ही गोष्ट सांगताना थोडे पुढे जावे. नवव्या शतकात वीरसेनाचार्यांनी धवला टीकेत अर्धच्छेद नावाची कल्पना वापरली आहे. एखादी संख्या एक उरेपर्यंत किती वेळा निम्मी करता येते, तो तिचा अर्धच्छेद. चौसष्टाचा अर्धच्छेद सहा. शेवटच्या घरातील दाण्यांचा त्रेसष्ट. आपल्या आगमसाहित्यात तर मनुष्यसंख्या शहाण्णव वेळा दुभागता येणारी, अशी सांगितलेली आहे. ज्याला आज लॉगरिथम म्हणतात त्याचेच हे पूर्वरूप होय. डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ पासून अमरावतीहून धवलेचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, म्हणून हे आपल्याला वाचावयास मिळते. पटाच्या निमित्ताने सहावीतील एखाद्या मुलाने वीरसेनाचार्यांचे नाव ऐकले, तर ती तासिका वाया गेली असे कोणी म्हणणार नाही.

मुलींविषयी दोन शब्द. "मुलींना काय करायचा हा खेळ," असे अजूनही घराघरांतून ऐकू येते. मुंबईच्या रोहिणी खाडिलकर १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या. त्यावर इतका गदारोळ झाला की प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष माक्स युवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय दिला. आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियात बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. मुलींसाठी स्वतंत्र वर्ग काढू नये, एवढीच सूचना करतो. एकाच पटावर बसू द्यावे.

खर्चाविषयी कोषाध्यक्षांना काळजी नसावी. वीस पट, वीस संच आणि भिंतीवर टांगण्याचा एक मोठा पट एवढे साहित्य पुरेल, आणि जपून वापरले तर वर्षानुवर्षे टिकेल. मोजून पिशवीत भरणारा एखादा मुलगा प्रत्येक वर्गात असतोच. त्याला मात्र जाऊ देऊ नका.

माझे बोलणे येथे थांबवितो. मुख्याध्यापकांना विनंती करून मी शेजारच्या दालनात बारा पट मांडून घेतले आहेत आणि पाचवी-सहावीची काही मुले केव्हाची वाट पाहत आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांना अजून धड खेळता येत नाही. उपस्थित ज्येष्ठांपैकी ज्यांना बोर्डिंगातील देशी पद्धत आठवत असेल, त्यांनी एकेका मुलासमोर बसावे, अशी विनंती आहे. नियम कोणते पाळायचे ते दोघांनी आधी ठरवून घ्यावे. सूर्यास्ताला अजून सव्वा तास आहे. भोजनापूर्वी एक डाव सहज होईल.

जय जिनेंद्र.